सोबत

पुण्याच्या ‘सवाई’ संगीत महोत्सवाला मी पहिल्यांदा गेलो तो गाण्यासाठी नव्हे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण काकूंना रात्रभर बाहेर बसायचं तर सोबत हवी होती. मुलगा परगावी, काकांना गाण्याचं वावडं. मी हो म्हटलं ते सोमवारी ऑफिसात ‘भीमसेनांना ऐकलं’ असं सांगता येईल म्हणून. माझ्यासारखे पुष्कळ होते. गाणं रंगात आलेलं असायचं आणि आमची चहाच्या स्टॉलपाशी घराण्यांवरून हमरीतुमरी चालायची. बायका येतात त्या साड्या मिरवायला, यावर मात्र आमचं एकमत.

रमणबागेच्या मैदानावर काकू सतरंजीवर बसून स्वेटर विणत. विलंबित एकताल चालू असला की सुया संथ हलायच्या, मुखडा जवळ आला की थबकायच्या, सम पडली की पुन्हा चालू. मला बारा मात्रा मोजता येत नव्हत्या. सम कुठे येते ते मी त्या हातांवरून शिकलो. गंगूबाई हनगल गायला बसल्या तेव्हा विणकाम पिशवीत गेलं, ते बाहेर आलंच नाही. भीमसेनांनी 1953मध्ये गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला आणि गंगूबाई त्यांच्या गुरुभगिनी, एवढंसुद्धा मला काकूंकडूनच कळलं.

एकदा विचारलं, “काकू, एवढ्या थंडीत कशाला येता?”

“अरे, या तीन रात्री मला कुणी चहा मागत नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “घरी रेडिओवर एक ख्याल सलग ऐकू देतील तर शपथ!”

सगळ्याच बायका याच कारणानं येत असतील असं नाही. साड्याही होत्याच, आणि असेनात का! पण गाणं ऐकायला कुणाची परवानगी काढावी लागते, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं.

पुढे लग्न झालं, मूल झालं. बायकोला गाण्याची माझ्याहून जास्त समज. काकू भेटल्या नसत्या तर डिसेंबरात शाल गुंडाळून मीच निघालो असतो. त्या वर्षी मी घरी थांबलो, ती मैत्रिणींबरोबर गेली. ध्वनिवर्धकांवरची रात्री दहाची मर्यादा तेव्हा यायची होती. उजाडल्यावर ती परतली. कोण कोण गायलं, मी अधीरपणे विचारलं.

“आधी चहा टाक,” ती म्हणाली.