ठाण्याचा खंदक

यवतमाळ,
२८ डिसेंबर

चि. ताई,

ठाण्यात बिऱ्हाड लागल्याचे तुझे पत्र पोचले. ज्या कारागृहाच्या भिंतीवरून तू रोज जातेस, तोच तो मराठ्यांचा किल्ला, जो १७७४ साली आजच्याच तारखेस इंग्रजांनी सुलतानढवा करून घेतला; आणि त्या ओघात मला आयर्लंडच्या किनाऱ्यावरील वेक्सफर्डचे स्मरण झाले.

११६६ साली राज्यभ्रष्ट झालेल्या लेन्स्टरच्या डर्मट राजाने इंग्लंडच्या राजाकडे धाव घेतली, आणि ११६९ च्या मे महिन्यात त्याच्या साह्यार्थ फिट्झस्टीफन हा नॉर्मन सरदार काही शे माणसांनिशी उतरला. वेक्सफर्डकरांनी तटाबाहेरची आपलीच वस्ती जाळून पहिल्या दिवशी हल्ला परतविला. दुसऱ्या दिवशी धर्मगुरूंच्या मध्यस्थीने शरणागती झाली, आणि डर्मटने ते नगर परक्या सरदारांस बक्षीस दिले.

ठाण्यासही एकच रात्र अधिक लाभली. पुण्याच्या कारभारी मंडळाने, म्हणजे बारभाईंनी, पेशवेपदावरून दूर सारलेले राघोबादादा मुंबईच्या इंग्रजांकडे फौज मागत होते, पण त्या बदल्यात साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, आणि वसई सोडण्यास राजी होत नव्हते. तेव्हा पोर्तुगीज आरमार येत असल्याचे निमित्त करून इंग्रजांनी करारमदाराची वाटच पाहिली नाही. त्यांचा कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला, आणि खंदक भरून काढण्याचा त्यांचा पहिला यत्न शिबंदीने त्यांची मोठी हानी करून उधळला. दुसऱ्या सायंकाळी मात्र गड पडला आणि आतील बहुतेक माणसे कापली गेली. पुढे ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस दादांनी साष्टी लिहून दिली, ती ही अशी आधीच घेतलेली! १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी आली नाही.

इतिहासकार डर्मटला आणि दादांना दूषणे देतात, ती रास्तच आहेत. परंतु तटावरच्या माणसांचा विचार मला अधिक व्याकुळ करतो, कारण आपण वऱ्हाडचे. निजामाच्या नावे पोसलेल्या कंटिंजंट फौजेचे देणे थकले, म्हणून १८५३ साली आपला सारा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन झाला. वणी-दारव्ह्याच्या रयतेने त्या कर्जातला छदाम उचलला नव्हता, आणि तिचा जबाबही कोणी घेतला नाही.

तेथील जुन्या माणसांस विचारून खंदक कोणत्या बाजूस होता, तेवढे मला कळव. मार्च महिन्यात येईन, तेव्हा ती जागा आपण दोघे पाहू.

तुझा,
मामा