लाल मातीतली शाळा : डिचोली आणि पेडणे

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की गाडी साखळीच्या वाटेला लागते. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या सीमा या घाटात एकमेकींना भिडतात. आपल्याकडची बहुतेक मंडळी इथून थेट पणजी नाहीतर कळंगुट गाठतात आणि डिचोली, पेडणे हे तालुके बघायचे राहून जातात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम तिथेच दोन दिवस काढले. सोबत बारावीतली भाची होती आणि तिला संगणकावरच्या खेळांची चित्रकला विद्यापीठात शिकायची होती.

हे ऐकून तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, एकच प्रश्न विचारला होता, "आटा आडि होट्टि तुंबतैतेनु?" सीमाभागातल्या कुठल्याही घरात हाच प्रश्न निघेल आणि तो रास्तच आहे. पण खेळ खेळणं वेगळं आणि खेळातलं जग उभं करणं वेगळं. त्या जगातली झाडं, भिंती, देवळं, पाऊस, सगळं कुणीतरी आधी चितारलेलं असतं. या शिक्षणात आधी हाताने चित्र काढणं, मग त्याचा त्रिमितीत आकार करणं, आकाराला पोत देणं आणि शेवटी त्यावर उजेड पाडणं, असा क्रम असतो. संगणक त्यात कुंचल्याच्या जागी येतो. डोळा मात्र स्वतःचाच लागतो.

साखळीजवळच्या हरवळ्याला हे नीट कळलं. जांभ्या दगडात कोरलेली ही प्राचीन लेणी लोकांच्या तोंडी पांडवांची म्हणून आहेत. जवळच धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ. भाची धबधब्याशी बसली आणि तासभर फक्त दगडच काढत राहिली. कोरडा जांभा नारिंगी दिसतो, भिजला की काळपट जांभळा होतो आणि सावलीत त्यावर शेवाळाची हिरवी साय धरते. "मावशी, एकाच दगडाचे इतके रंग!" ती म्हणाली. पोत म्हणजे काय, ते तिला त्या दगडाने दाखवलं.

तिथून नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला गेलो. हे दैवत मूळचं दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. उतरतं कौलारू छप्पर, गाभाऱ्यावर घुमट, पुढे दीपस्तंभ, अशी त्याची घडण आहे. गोव्याच्या पावसाला छप्पर उतरतंच हवं. ज्याला खेळासाठी देऊळ रचायचं आहे, त्याला ही कारणं ठाऊक हवीत. नाहीतर नुसती सजावट होते आणि जागा खोटी वाटते.

दुसऱ्या दिवशी म्हापशाहून कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलो. २०२३ च्या जानेवारीत मोप्याच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि या तालुक्याचं रूप झपाट्याने पालटू लागलं. तरी भगवती मंदिराच्या दारातले दोन प्रचंड दगडी हत्ती जागच्या जागी आहेत आणि कोजागरीला पेडण्याची पुनव गाजतेच.

गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या जुन्या देवळांचं खरं धन म्हणजे कावी कला. मराठीत 'काव' म्हणजे तांबडी माती, कन्नडमध्ये संन्याशाच्या भगव्या वस्त्राला 'कावी बट्टे' म्हणतात. शब्द आपल्या दोन्ही भाषांचा आणि कलाही दोन्हीकडची, कारण कुमठा, होन्नावर, अंकोल्याच्या देवळांतही ती होती. होन्नावरच्या कृष्णानंद कामतांनी ती हिंडून हिंडून नोंदवून ठेवली. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोनच, आणि एकदा खरवडलं की पुसायची सोय नाही. गोव्याचे चित्रकार सागर नाईक मुळे आज ही कला जगवायची धडपड करत आहेत.

कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग कंपनीने २०१७ मध्ये 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' हा खेळ काढला. त्याची कथा आपल्या पश्चिम घाटात, होयसळांच्या हरवलेल्या नगरीच्या शोधात घडते. बेलूर-हळेबीडच्या दगडांची आठवण करून देणारं ते जग परदेशी चित्रकारांनी उभं केलं. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ आणला. त्याच्या कलेची बाजू श्रुती घोष यांनी सांभाळली. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. या धंद्यात पैशाची शाश्वती कमी, हे पालकांनी त्यातून ओळखावं आणि चिकाटीला फळ येतं, हेही.

शिकायचं कुठे? स्कॉटलंडच्या अबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्येच संगणक खेळांची पदवी सुरू केली. पण इतक्या लांब जायलाच हवं असं नाही. पणजीच्या आल्तिन्हो टेकडीवर १९७२ पासून गोवा कला महाविद्यालय आहे, तिथे चित्रकलेचा पाया पक्का होतो. पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात खेळांच्या रचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत २०२५ मध्ये याच क्षेत्रासाठी भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. प्रवेशाच्या वेळी गुणांइतकीच मुलाची चित्रांची वहीही बोलते. खाजगी संस्थेत पैसे भरण्याआधी तिची पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, हे विचारून घ्यावं. दाजींचा होकार अजून आलेला नाही. आधी चित्रकलेची पदवी घ्यावी, पुढचं पुढे पाहू, इथवर ते आले आहेत.

कावीच्या भिंतींना मात्र थांबायला वेळ नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने गिलावे खरवडले जातात आणि त्या जागी चकचकीत फरशा बसतात. गेलेली भिंत परत येत नाही. म्हणून सुट्टीत समुद्रावर जाताना एखादा दिवस या गावांसाठी काढावा. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन मुलांना भिंतीसमोर बसवावं, हातात वही आणि तांबडी पेन्सिल द्यावी. मूल पुढे खेळांचं चित्रकार होवो वा न होवो, ती नक्षी त्याच्या वहीत तरी राहील.