कोरड्या ओढ्याकाठी खेळलेला एक डाव

वाचकहो, तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याचा माणूस, आणि आज हा खेळाच्या गोष्टी काय सांगत बसलाय? खोडकिडीचे सांगा, ठिबकचे सांगा. तेही सांगतोच आपण नेहमी. पण आज जरा माझ्याबरोबर लांब चला. चपला घाला, डोक्याला टोपी घ्या. चालायचे आहे, पण फार नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये रजा काढून आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो. लेक आणि जावई कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना गावी राहतात. पहिले आठ दिवस पाहुणचारात गेले. मग घरात बसून अंग आंबले. माझे गुडघे कुरकुरू लागले आणि सौ. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटारी मोजू लागल्या. लेकीच्या ते लक्षात आले. रविवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आई, चला. आज आपण खेळायला जायचं."

मी म्हटले, "मी बघतो, तुम्ही खेळा." सौ. तर स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. "मी आणि खेळू? लोक काय म्हणतील?"

"आई, इथं तुला ओळखतंय कोण?" लेक म्हणाली. हे उत्तर लागू पडले.

आम्ही गेलो त्या बागेचे नाव हाहामोंग्ना. तिथले मूळचे रहिवासी टोंगवा लोक, त्यांच्या भाषेतले हे नाव. बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कारंजी आणि गुलाबाचे वाफे येतील, तर तसे काही नाही. समोर सॅन गॅब्रिएल डोंगराची भिंत, तिच्या पायथ्याशी मोठा खोलगट पाणलोट, आणि कडेच्या उंचवट्यावर जुन्या ओक झाडांची राई. डोंगरातून येणाऱ्या प्रवाहाचे नाव 'आरोयो सेको'. हे स्पॅनिश शब्द. अर्थ काय म्हणाल? कोरडा ओढा! मी आमच्या माण तालुक्यातला. कोरडा ओढा म्हटल्यावर मला परक्या देशात एकदम घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा सारा कोरडा जातो. बाकी वागणूक आपल्या ओढ्याचीच. वर्षातले बरेच दिवस वाळू, आणि पाणी आले की असे येते की दगडगोटे घेऊन धावते. म्हणून १९२० साली खाली अरुंद घळीत धरण बांधले. तिथल्या खडकात सैतानाचा चेहरा दिसतो म्हणे, म्हणून त्याचे नाव 'डेव्हिल्स गेट', सैतानाचे दार. मला चेहरा दिसला नाही, पण गाळ दिसला. २००९ साली वरच्या डोंगरात मोठा वणवा लागला. झाडोरा जळाला, माती उघडी पडली, आणि पुढच्या पावसांत ती सगळी खाली धरणात येऊन बसली. मग कित्येक वर्षांनी ट्रक लावून तो गाळ उपसावा लागला. बांधावरचे गवत जाळणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. डोंगर इथला असो की तिथला, पांघरूण काढले की माती थांबत नाही.

आता खेळाकडे येतो. त्याचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा, हिरवळीवर काठीने चेंडू मारायचा खेळ. हा त्याचा गरीब चुलतभाऊ. काठी नाही, चेंडू नाही, हिरवळ नाही. हातात एक प्लास्टिकची तबकडी, साधारण वीतभर व्यासाची. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची आणि दूरवर उभ्या असलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. खांबाला टोपली, आणि टोपलीवर चहूबाजूंनी लोंबणाऱ्या साखळ्या. तबकडी साखळीला लागली की तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. एका फेकीत नाही पोचली तर जिथे पडली तिथून दुसरी फेक. ज्याची तबकडी टोपलीपासून सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचे. सगळे टप्पे मिळून ज्याच्या फेकी कमीत कमी, तो जिंकला. संपले नियम.

हे मैदान साधेसुधे नाही बरे का. जगातले पहिले कायमचे डिस्क गोल्फ मैदान म्हणून ते ओळखले जाते. १९७५ साली एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी ते आखले. हे खेळण्यांच्या कारखान्यात कामाला होते. पोरे उडवतात ती फ्रिस्बी हवेत डगमगू नये म्हणून तिच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार रेघा घालण्याची युक्ती त्यांची. त्याचे पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळाले. सुरुवातीला या राईत टोपल्या नव्हत्याच, नुसते खांब रोवले होते. खांबाला तबकडी लागली की नाही यावर वाद व्हायचे. म्हणून त्यांनी साखळ्यांची टोपली काढली. या माणसाचे खेळावर इतके प्रेम, की २००२ साली ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या केल्या. आपण अस्थी गंगेत सोडतो, त्यांनी हवेत सोडल्या म्हणायचे!

प्रवेशाला पैसे नाहीत. नवख्यालाही झेपेल अशी अंतरे. एकूण टप्पे अठरा, पण आम्ही नऊच खेळायचे ठरवले. जावईबापूंनी तिघांच्या हातात तीन-तीन तबकड्या दिल्या. एकीची कड धारदार, ती लांब फेकायला. दुसरी मधली. तिसरी जाड काठाच्या ताटलीसारखी, ती टोपलीजवळ आल्यावर हळूच टाकायला. नवशिक्याने हलकी तबकडी घ्यावी, दीडशे ग्रॅमच्या आसपासची. जड तबकडी जास्त जोर मागते.

पहिली फेक माझी. बी.एस्सी. ॲग्री. माणूस, मी आधी वाऱ्याची दिशा पाहिली, अंतराचा अंदाज घेतला आणि सगळा जोर खांद्यात आणून फेकली. तबकडी वर गेली, नाक उंच केले, क्षणभर थांबली आणि डावीकडे वळून सरळ झुडपात! जावईबापू म्हणाले, "बाबा, उजव्या हाताने अशी आडवी फेकली की शेवटी ती डावीकडेच वळते. थोडं उजवीकडचं धरायचं. आणि जोर नको, सपाट सुटू दे." झुडपात शिरायच्या आधी त्यांनी मला थांबवून एक तीन पानांची वनस्पती ओळखायला शिकवली. त्या भागात ती आढळते आणि अंगाला लागली की खाज सुटते. आपल्या खाजकुयलीची बहीणच.

आता सौ.ची पाळी. लुगड्यावर लेकीचे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला. मागे दोन दाढीवाले तरुण आपली पाळी येईपर्यंत उभे होते. सौ.नी त्यांच्याकडे एकदा पाहिले, तबकडी हातात दोनदा हलवून बघितली आणि सोडली. ती जमिनीसरशी, सपाट, झाडांच्या मधून गेली आणि टोपलीपासून दहा-बारा पावलांवर उतरली. ते दोघे तरुण टाळ्या वाजवू लागले.

मी विचारले, "अगं, हे कुठं शिकलीस?"

"त्यात शिकायचं काय?" त्या म्हणाल्या. "गोफण आहे ही. जोराचं काही नसतं. सुटायची वेळ कळली की झालं."

वाचकहो, जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभे राहून पाखरे राखायचे काम तुमच्यापैकी कितीजणींनी केले असेल! आमच्या सौ.नी वयाच्या आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत केले. गोफणीचा एक पदर बोटात, दुसरा नेमक्या क्षणी सोडायचा. तो नेम इतकी वर्षे त्यांच्या दंडात झोपून होता. मला पत्ताही नव्हता.

चौथ्या टप्प्यावर त्यांची तबकडी साखळ्यांवर आपटली आणि असा आवाज झाला, की बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ वाजली वाटावी. तो आवाज ऐकून त्या हसल्या. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही ओकच्या सावलीत पाणी प्यायला बसलो. खाली ओकची फळे पडली होती. टोंगवा लोक ती फळे कुटून, पाण्याने कडूपणा धुऊन काढून त्याचे अन्न करत. मी ते पुराण लावणार, एवढ्यात लेकीने विचारले, "आई, तू शेवटचं कधी खेळली होतीस?"

सौ.नी थोडा विचार केला. "लग्न झालं त्या वर्षीची नागपंचमी. माहेरी झिम्मा, फुगड्या. मग तू झालीस, यांच्या बदल्या झाल्या, सासूबाईंचं दुखणं आलं. त्यानंतर नाही बाई."

म्हणजे तीस वर्षांच्या वर. मी गप्पच झालो. या तीस वर्षांत मी गावोगाव हिंडलो. बायाबापड्यांना परसबाग सांगितली, बीजप्रक्रिया सांगितली, निर्धूर चुलीसुद्धा सांगितल्या. 'ताई, आपल्या आरोग्याची काळजी घ्या' हे वाक्य हजार वेळा बोललो असेन. पण घरातल्या बाईला, तुला काय आवडतं, तू कधी खेळतेस का, हे एकदाही विचारले नव्हते. माझे क्रिकेट निवृत्तीला टेकेपर्यंत चालू होते. कचेरीच्या सामन्यांना डबा कोण भरून देत होते, हे वेगळे सांगायला नको.

मी तसे बोलून दाखवले. त्यावर सौ. म्हणाल्या, "आता मला कशाला सांगताय? तुमच्या मीटिंगला बाया येतात, त्या तासभर बसतात आणि जातात. त्यांना उठवा की कधीतरी!"

नऊ टप्प्यांचा हिशेब सांगतो. लेकीच्या फेकी एकतीस, सौ.च्या एक्केचाळीस, माझ्या सत्तेचाळीस. जावईबापूंनी माझा आकडा लिहिताना सभ्यपणे मान खाली घातली.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच डोंगराच्या कुशीत ईटनचा वणवा लागला आणि शेजारच्या अल्टाडेना गावातली हजारो घरे जळाली. लेकीचे कुटुंब सुखरूप होते. त्या रात्री फोन ठेवल्यावर सौ. बराच वेळ त्यांची तबकडी हातात घेऊन बसल्या होत्या. त्यानंतर आठ दिवसांनी त्याच म्हणाल्या, "गावी जाऊ. शाळेमागच्या पडीवर आपण चार टोपल्या लावू."

आम्ही लावल्या. म्हणजे टोपल्या नव्हेत. पॅसाडेनातही सुरुवात खांबांवरच झाली होती, हे आठवून आम्ही चार जागा धरल्या: दोन बांबू, एक कडुलिंब आणि एक मोडक्या घमेल्याला जुन्या साखळ्या टांगलेला खांब. कुठे सपाटी केली नाही, झाड तोडले नाही. या खेळाचा मोठा गुण हाच की खडकाळ, उताराची, पिकाला नालायक जमीन त्याला चालते. उलट झाडे आणि उतार असले तर मजा वाढते.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर एवढे सांभाळा. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या. फेकीची दिशा रस्ता, विहीर, नळकोंडाळे आणि गोठा यांच्याकडे नको. समोर माणूस किंवा जनावर असेल तर थांबा. लागली तर तबकडी चांगली लागते. झाडाला खिळा ठोकू नका, रंगीत फडके बांधा. पहिले अंतर तीस-चाळीस पावलांचेच ठेवा. पोरांना खेळण्याच्या दुकानातली साधी फ्रिस्बी पुरते. वारा समोरून असेल तर तबकडी उचलली जाते आणि मागून असेल तर खाली दाबली जाते, हे फेकून फेकून कळेल.

पहिल्या रविवारी चार पोरे आणि एक निवृत्त मास्तर आले. बाया कुंपणापलीकडे उभ्या होत्या, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू. मी भाषण करणार होतो, पण सौ.नी मला खुणेने गप्प केले. त्या स्वतः पुढे झाल्या, पदर खोचला आणि तबकडी सोडली. घमेल्यावरच्या साखळ्या वाजल्या. कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणाले, "अगंबया!" आणि दोघीजणी कुंपणाला वळसा घालून आत आल्या. एक साठीची, दुसरी तिची सून. सासूने पहिली फेक टाकली, ती कडुलिंबात अडकली. सून हसली, आणि तिला हसलेले पाहून सासूही हसली.

आता रविवारी कधी दहाजण येतात, कधी दोघेच. खुरपणीच्या दिवसांत कोणीच येत नाही. ते बरोबरच आहे, आधी शेत. पण वाचकहो, आज रात्री जेवण झाल्यावर एक करा. घरातल्या बाईला, मग ती आई असो, बायको असो की सून असो, एवढेच विचारा: "तू शेवटचं कधी खेळली होतीस?"

उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.