तेरा पट्ट्यांची पिशवी

मैत्रिणींनो, पिशवी कशी शिवली हा काय लिहिण्याचा विषय आहे, असे तुम्ही म्हणाल. मीही महिन्यापूर्वी तसेच म्हटले असते. पण या एका पिशवीने आमच्या घरात चार दिवस जे काही केले, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आणि सांगता सांगता पिशवीची मापेही देते, म्हणजे तुमचा वेळ अगदीच फुकट गेला असे व्हायला नको.

गेल्या जूनपासून मी योगासनांच्या वर्गाला जाऊ लागले. सकाळी सहा ते सात. एवढा एक तास मिळवायला घरात किती बोलणी झाली ते विचारू नका. "घर झाडलं, धुणं धुतलं की व्यायामच होतो की गं बायकांचा," हे सासूबाईंचे म्हणणे. ह्यांचे म्हणणे काहीच नव्हते, फक्त त्या तासात चहा कोण करणार एवढाच प्रश्न होता. शेवटी चहा थर्मासात करून ठेवायचा असे ठरले आणि मी सुटले.

पण त्या वर्गाला चटई घरूनच न्यावी लागते. आमच्या लहानपणी शाळेत सतरंजीवर सूर्यनमस्कार घालत असू. आता सगळ्यांकडे त्या रबरासारख्या मॅट. तीही हौसेने घेतली. गुंडाळून काखेत मारून निघाले, की कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापासून सगळे बघायचे. शेजारच्या काकू तर रोज न चुकता, "काय गं, अंथरूण घेऊन कुठं निघालीस?" एके दिवशी तिला लावलेले रबर तुटले आणि भर रस्त्यात, कराडच्या बाजारपेठेत, माझी मॅट गालिच्यासारखी उलगडली. त्यावरून एक स्कूटर गेली. त्याच दिवशी ठरवले, पिशवी हवी. दुकानात विचारले, तर साध्या नायलॉनच्या पिशवीला साडेतीनशे रुपये! घरात शिवणयंत्र असताना?

आता कापड. तुम्हां आम्हां सगळ्यांच्या कपाटात एक खजिना असतो, तो म्हणजे ओटीत आलेले ब्लाऊजपीस. कुठल्याच साडीला न जुळणारे, शिवावेत तर अंगाला टोचणारे, आणि टाकवत नाहीत. हळदीकुंकवाला आपण ते दुसऱ्याला देतो, दुसरी तिसरीला देते. एकदा मी दिलेला मोरपंखी पीस अडीच वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला, त्याच घडीसह! त्यांतले सुती तेवढे निवडले आणि ठरवले, पट्ट्या कापून जोडायच्या.

माप असे. मॅट चोवीस इंच रुंद, गुंडाळली की घेर साधारण सोळा इंच. (तुमची जाड असेल तर गुंडाळून, भोवती दोरी धरून, मग ती मोजा.) पिशवी थोडी सैल हवी, नाहीतर रोज सकाळी मॅट आत कोंबताना निम्मी आसने तिथेच होतात. म्हणून घेर एकोणीस इंच, चेनच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच माया धरून कापड वीस इंच, आणि लांबी सत्तावीस. पट्टी दोन इंच रुंद. वीस भागिले दोन, दहा पट्ट्या. शाळेत अर्धवेळ का होईना पाचवीच्या मुलांना गणित शिकवते मी, चुकेन कशी?

कापण्याआधी सगळे पीस भिजवून, वाळवून, इस्त्री केले. हे टाळू नका. एक आटणारा पीस मध्येच आला, तर पहिल्या धुण्यातच पिशवीला सुरकुत्या पडतात. मग दहा पट्ट्या कापल्या आणि एकापाठोपाठ एक जोडत सुटले, प्रत्येक टीप वरून खाली. पाच पट्ट्या झाल्यावर बघते तो कापड केळ्यासारखे वाकलेले. एक टीप वरून खाली, तर पुढची खालून वर घालायची असते, नाहीतर कापड एकाच बाजूला ओढले जाते. उसवले. पुन्हा जोडले. दहावी पट्टी लावून टेप धरला, तर काय? साडेपंधरा इंच!

माया विसरले होते. दर जोडाला दोन्हीकडचा पाव पाव इंच म्हणजे अर्धा इंच आत जातो, नऊ जोडांचे साडेचार इंच गेले. वीस इंचांसाठी तेरा पट्ट्या लागतात. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या मुलांना ही गोष्ट अजून कळलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

आणखी तीन पट्ट्या हव्या होत्या आणि सुती पीस संपले होते. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. त्यांच्या खोलीत, ट्रंकेवर, त्यांचे गाठोडे असते. जुन्या लुगड्यांचे तुकडे, गोधडीला म्हणून जमवलेल्या चिंध्या. त्यातले कधीही काही घे, असे त्यांनी मला लग्न झाल्या झाल्या सांगितले होते. मी गाठोडे सोडले. अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, एक कोरे पॉपलीन होते. पांढऱ्यावर निळी बारीक रेघ. असले कापड हल्ली हाताला लागत नाही हो. वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी ठेवलेली वस्तू चिंधी नसते, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. आले नाही. किंवा आले असेल आणि पिशवी पुरी करायच्या घाईत मी तिकडे काणाडोळा केला असेल. रेघेवरून कातर कशी सरळ, सुळकन गेली!

कापडाच्या टोकाला जांभळट, पुसट शिक्का होता. तेवढा हातभर भाग पट्टीला नको म्हणून मी कापून बाजूला टाकला, आणि नंतर यंत्राला तेल दिले तेव्हा त्यानेच सांडलेले तेल पुसले.

पिशवी मात्र सुरेख झाली. अस्तराला जुनी चादर घेतली. चेन मीटरवर मिळते आणि रनर वेगळा, ती पाच नंबरची घ्या. बारीक चेन मॅटच्या ताणाने फाकते. चेन पट्ट्यांचे कापड आणि अस्तर यांच्या मध्ये, सुलटी बाजू पट्ट्यांकडे करून ठेवायची, आधी हाताने धावदोरा घालायचा आणि मग टीप. यंत्राला एका बाजूचा फूट लावला की सुई चेनच्या दातांजवळून जाते. दुसरी बाजूही तशीच जोडून रनर चढवला की नळकांडे तयार. दोन्ही टोकांना सात इंच व्यासाची गोल चकती. त्यातली एक चकती मी मच्छरदाणीच्या दुहेरी जाळीची केली. घामाने ओलसर झालेली मॅट बंद पिशवीत राहिली तर कुबट वास येतो, जाळीने हवा खेळते. नळकांड्याच्या कडेला अर्ध्या अर्ध्या इंचावर बारीक काप दिले म्हणजे गोलाई चुण्या न पडता बसते. खांद्यावरचा पट्टा चाळीस इंच, त्याची टोके चेनच्या समोरच्या बाजूला, चकतीच्या शिवणीतच अडकवा आणि तिथे तीन वेळा टीप मारा. आणि शेवटची चकती लावण्यापूर्वी चेन अर्धी उघडी ठेवा! मी ठेवली नाही. पिशवी उलटीच्या उलटी बंद झाली आणि चेनचा रनर आत. पुन्हा उसवणे आलेच.

सासूबाई शनिवारी परत आल्या. मी कौतुकाने पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली, "हे त्या देसाईणीच्या ओटीतलं का गं?" असे हसत विचारले, आणि मग त्यांचे बोट निळ्या रेघेवर आले आणि तिथेच थांबले.

"हे कुठनं घेतलंस?"

"तुमच्या गाठोड्यातलं, आई."

"शिक्का कुठाय?"

मला काही समजेना. त्या उठून खोलीत गेल्या. गाठोडे सोडल्याचा, वर्तमानपत्राचा आवाज आला. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. रात्री नुसता दूधभात घेतला आणि लवकर निजल्या.

ह्यांना विचारले तर हेही अडखळले. "ते बाबांचं कापड असेल," एवढेच म्हणाले. माझे सासरे मुंबईला गिरणीत होते, साचाखात्यात. ते मी लग्न होऊन येण्यापूर्वीच गेले, त्यामुळे मला ते भिंतीवरच्या फोटोतलेच ठाऊक. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून असा एकेक माणूस गिरणगावात असे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळसे पुन्हा आत गेलेच नाहीत. इतिहास म्हणून हे मला माहीत होते. आमच्या घरात कुणी ते बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाला गेले नाही. पिशवी उसवायला घेतली होती. त्या तीन पट्ट्या सोडवून, जोडून, काही करता येईल का, असे वेड्यासारखे मनात होते. सासूबाई देवपूजा आटोपून माझ्यापाशी येऊन बसल्या आणि त्यांनी माझ्या हातातली कातर काढून घेतली.

"उसवून काय कापड परत अखंड होतंय? ऱ्हाऊ दे."

मग बोलल्या. 1981 च्या दिवाळीला सासरे गावी आले ते हे कापड घेऊन. गिरणीच्या दुकानातून कामगारांना मिळायचे. लेकीला झबले आणि तुला चोळी म्हणाले. कापड पसरून म्हणाले होते, हा माल माझ्या साच्यावरचा, माझ्या हाताखालून गेलेला. खरे की खोटे देव जाणे, पण म्हणताना मोठे खूश होते. इतके चांगले कापड लगेच कशाला फाडायचे म्हणून सासूबाईंनी ठेवून दिले. दिवाळी झाली, सासरे मुंबईला गेले आणि दोन-अडीच महिन्यांत संप. पावसाळ्यात गावी परत आले ते दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाऊ लागले. "तांब्याचा हंडा विकला, माझ्या डोरल्यातले दोन मणी विकले. हे ऱ्हायलं. ह्याला कोण काय देणार होतं?" एवढे म्हणून जराशा हसल्या. "पुढं शिवावं म्हटलं तर ह्यांच्यासमोर ते काढायचं धाडस होईना. गिरणीचं नाव काढलं की जेवत्या ताटावरनं उठायचे. त्या शिक्क्यात गिरणीचं नाव होतं."

मी काय बोलणार? यंत्राचा खण उघडला आणि तो तेलाने माखलेला तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. शिक्क्याची अर्धी अक्षरे काळ्या डागाखाली गेली होती. मला वाटले, आता मात्र त्या रडतील. त्यांनी तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"असाच वास यायचा ह्यांच्या कापडांना," म्हणाल्या. "रजेवर आले की पहिलं धुणं मी तीनदा धुवायची."

दोन दिवस मी घरीच आसने केली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला हलवून उठवले. "जा की वर्गाला. आणि ती पिशवी घेऊन जा, शिवलीयस ना. रेघेची बाजू वर करून घे." काकूंनी त्या दिवशी अंथरूण म्हटले नाही, पिशवीचे माप मागितले.

पुढल्या आठवड्यात शाळेतून आले तर उरलेले पॉपलीन कॉटवर पसरलेले. सासूबाई वितीने मोजत होत्या. त्यांना भजनाचे टाळ आणि हरिपाठाचे पुस्तक ठेवायला पिशवी हवी होती. "चेन नको बाई मला. माझ्या बोटांना ते ओढणं जमत नाही. दोन नाड्या घाल." कापड आडवे धरायचे की उभे यावरून आमचा थोडा वादही झाला. रेघा उभ्याच हव्यात असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबर होते. टाळ जड, आडव्या रेघांची पिशवी खाली ओढलेली दिसते. तळाला दुहेरी कापड घातले, आतून पुस्तकापुरता कप्पा केला. एकादशीला ती घेऊन त्या भजनाला गेल्या.

अजून मीटरभर शिल्लक आहे. त्याचे नणंदेच्या नातीला झबले शिवायचे म्हणतात. तो तेलकट तुकडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा गाठोड्याच्या तळाशी ठेवला. मी धुऊन देते म्हटले, तर नको म्हणाल्या.