उवा, फणी आणि परिपत्रक

शासकीय बैठकीत ज्या विषयांचा उच्चार करतानाही संकोच वाटतो, त्यांपैकी एक म्हणजे मुलांच्या डोक्यातील उवा. शाळेतील शौचालय, मुलींची मासिक पाळी हे विषय उशिरा का होईना, कार्यसूचीवर आले. उवा अजून आलेल्या नाहीत. आईने सुट्टीच्या दिवशी मुलीला पुढ्यात बसवून फणीने सोडवायचा तो घरगुती प्रश्न, अशी आपली समजूत. पण शासन जेव्हा मुलीला घरातून उचलून वसतिगृहात आणते, तेव्हा ती फणीही शासनाच्याच हाती येते.

अशा मुलींची संख्या थोडी नाही. शैक्षणिकदृष्ट्या मागास भागांतील मुलींसाठी २००४ साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची योजना आली. त्यात ७५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक मुलींसाठी असून २०१८ पासून ती बारावीपर्यंत वाढवता येते. शिवाय राज्याराज्यांच्या आश्रमशाळा व वसतिगृहे वेगळी.

हिंदी भाषक प्रदेशातील एका जिल्ह्यात काम करीत असताना मी मुलींच्या अशाच एका निवासी शाळेच्या तपासणीस गेले होते. भर उन्हाळ्यात साऱ्या मुलींनी ओढणीने डोके घट्ट गुंडाळलेले. विचारल्यावर वॉर्डन सहजपणे म्हणाल्या, "मॅडम, उवा फार झाल्या होत्या. न्हावी बोलावून सगळ्यांचे केस काढून टाकले." त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, पाऊणशे मुली आणि मदतीला एक बाई, त्या तरी काय करणार? मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "दीदी, मी सुट्टीत गावी जाणार नाही." ज्या समाजात स्त्रीचे मुंडन म्हणजे वैधव्य किंवा शिक्षा, तिथे हे वाक्य पुरेसे बोलके होते. विधवांचे केस काढणार नाही, असा निश्चय मुंबईतील न्हाव्यांनी १८९० साली सभा घेऊन केला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आपण शाळकरी मुलींवर स्वच्छतेच्या नावाने वस्तरा चालवावा, हे मला पटेना.

केस काढण्याची वस्तुतः गरजच नसते. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. माणसाच्या डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. अस्वच्छतेशी तिचा संबंध नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही ती होते. डोक्यातील उवा कोणताही रोग पसरवीत नाहीत; खाज, अपुरी झोप आणि खाजवून झालेल्या जखमा हा खरा त्रास.

लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण सात ते नऊ दिवस लागतात. सारे वेळापत्रक या आकड्यावर बेतायचे. सर्व मुलींची तपासणी एकाच दिवशी. ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा दिसतील त्या सर्वांना त्याच दिवशी एक टक्का परमेथ्रिनचे औषध. धुऊन टिपलेल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवायचे. नवव्या दिवशी पुन्हा एकदा. म्हणजे पहिली पाळी रविवारी असेल, तर दुसरी पुढच्या आठवड्याच्या मंगळवारी. मधल्या काळात दोन-तीन दिवसांआड ओल्या केसांतून बारीक फणी. आज पाच जणी, आठवड्याने दहा जणी असे केले, तर उवा या खाटेवरून त्या खाटेवर फिरतच राहतात.

हे सारे मी अर्ध्या पानाच्या परिपत्रकात लिहिले. खाली तीन ओळी अधिक होत्या: मुलीच्या व पालकांच्या संमतीशिवाय केस कापू नयेत, रॉकेल किंवा शेतातील कीटकनाशक डोक्याला लावू नये, उवा झाल्या म्हणून कोणालाही वर्गाबाहेर बसवू नये. प्रत्येक मुलीला स्वतःची फणी दिली. थोरल्या मुलींनी धाकट्यांची डोकी पाहण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले. महिन्याभरात फरक दिसला, वस्तऱ्याविना.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची ठरावीक व्याधींसाठी तपासणी होते. त्या यादीत खरूज आहे, उवा नाहीत. जे तक्त्यात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हा प्रशासनाचा जुना नियम. यादी बदलायला वेळ लागेल. तोवर आपण ज्या प्रांतात असाल, तिथल्या एखाद्या वसतिगृहाला भेट देण्याचा योग आला, तर खाटा आणि भांडी मोजून झाल्यावर एवढेच विचारावे : इथे मुलींच्या केसांतून फणी कोण फिरवते?