पानिपतच्या खादरात

पानिपत हे नाव ऐकताच मराठी मनापुढे १४ जानेवारी १७६१ चा दिवस उभा राहतो. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरील या नगरीत येणारा आपल्याकडील प्रवासी प्रथम काला अंबच्या स्मारकापुढे नतमस्तक होतो. परंतु ज्याला ही भूमी खरोखर जाणून घ्यावयाची आहे, त्याने पुढे पूर्वेकडे, यमुनेच्या काठापर्यंत जावे.

येथील शेतकरी आपल्या जमिनीला दोन नावांनी ओळखतात. उंचावरची, जुन्या गाळाची, घट्ट जमीन ती बांगर. नदीच्या पुराखाली येणारी, सखल जमीन ती खादर. बांगरातून जाणारा राजमार्ग गुळगुळीत आहे. खादरात उतरताच मात्र वाट वाळूची व चिखलाची होते आणि साध्या मोटारीची चाके जागच्या जागी फिरू लागतात. येथे चारही चाकांना शक्ती देणारी जीपच उपयोगी पडते.

मुंबईत विलिस जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या जुन्या जीपमध्ये गिअरच्या मुख्य दांड्याजवळ आणखी दोन आखूड दांडे असत. ते ट्रान्सफर केस नावाच्या पेटीचे. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून या पेटीत येते व तेथून दोन्ही आसांकडे जाते. एका दांड्याने पुढची चाके जोडावयाची, दुसऱ्याने ‘हाय’ सोडून ‘लो’ घ्यावयाचा. युद्धकाळातील जीपमध्ये हे प्रमाण १.९७ होते, म्हणजे इंजिनाची गती तीच ठेवली, तर गाडीचा वेग जवळजवळ निम्मा होई आणि चाके फिरविण्याचा जोर जवळजवळ दुप्पट. जोर हवा असेल, तर त्याचे मोल वेगाने चुकवावे लागते.

हा बदल करण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. गाडी बांगराच्या घट्ट भुईवर उभी करावी, क्लच पूर्ण दाबावा, आधी पुढची चाके जोडावी व मगच ‘लो’ घ्यावा. चाके रुतल्यावर दांड्याशी झटापट करून लाभ नाही. मऊ वाळूत पहिल्या गिअरचा अतिरिक्त जोर चाके नुसती गरगरवतो. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, संथ पण अखंड गतीने चालावे. पुन्हा पक्क्या रस्त्यावर आल्यावर पुढची चाके सोडवावी. वळणावर पुढची व मागची चाके निरनिराळे अंतर तोडतात. वाळूत ती थोडी घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर तो ताण यंत्रावर पडतो.

नदीकाठी उभे राहिले, की १७६० ची मोहीम निराळ्या अर्थाने उमगते. १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली व मराठ्यांची दिल्लीची वाट अडविली. इब्राहिमखान गारद्याच्या अवजड तोफा बैल ओढीत. तोफ जितकी जड, तितक्या बैलजोड्या अधिक आणि चाल तितकीच मंद. खंदकाआड मांडल्यावर त्या तोफांचा दरारा मोठा होता. पण पुढे सरकणाऱ्या लढाईत त्या हलवाव्या कशा? अब्दालीच्या हलक्या तोफा उंटांच्या पाठीवरून धावत होत्या. त्यांचा मारा लहान, परंतु हवा तेथे पोहोचणारा होता.

पराभवाची कारणे अनेक होती. उपासमार त्यांत मोठी. तरीही जोर आणि वेग यांचा हिशेब आधी मांडावा लागतो, हे या भूमीवर जितके स्पष्ट दिसते, तितके पुस्तकात दिसत नाही. खादराच्या तोंडाशी गाडी क्षणभर थांबवून ‘लो’ घेणारा चालक तोच हिशेब मांडीत असतो.