भुईखालच्या भिंती

घराच्या भिंतींस उष्णतारोधक आवरण घालावयाचे ते उन्हाळ्याच्या धास्तीने, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती गच्चीच्या बाबतीत पूर्णपणे आणि पश्चिमेच्या भिंतीबाबत बहुतांशी खरी असली, तरी तळघराच्या बाबतीत ती जवळजवळ उलटी आहे. आणि बीडहून सोलापूरच्या वाटेने घाट चढून आल्यावर बालाघाटाच्या पठारावर जे मांजरसुंबा लागते, त्या परिसरात ओलीच्या निदानाचा व्यवसाय करीत असल्यामुळे हे उलटेपण मला यजमानांस वारंवार पटवून द्यावे लागते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा तळघरास बाहेरच्या कोणत्याही आवरणाची गरज नसते, कारण भूमीने ते काम आधीच अंगावर घेतलेले असते. दिवसाचे ऊन जमिनीत हात-दीड हातापलीकडे पोहोचत नाही. पुरुषभर खोलीवर तर वर्षाचे चढउतारही मंदावतात, आणि आमच्या या मुलखात तेथील तापमान बाराही महिने 26 अंशांच्या आसपास घुटमळत राहते. आवरणाची निकड भासते ती मृग लागल्यापासून हस्त सरेपर्यंत, म्हणजे लोक जेव्हा उष्म्याचा विचार सोडून देतात नेमक्या त्याच काळात.

याचे कारण गणिताने सांगण्यासारखे आहे. श्रावणातल्या एखाद्या दुपारी हवा 28 अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता 75 टक्के आहे असे समजू. हीच हवा तळघराच्या 26 अंशांच्या भिंतीला लागून थोडी निवाली, की त्या भिंतीलगत तिची आर्द्रता 84 टक्क्यांवर जाते. भिंत 24 अंशांची असेल तर 95 टक्क्यांवर. आणि 23 अंशांच्या सुमारास, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटावा तसे भिंतीवर दव धरू लागते. आता बुरशीला दवाचीही प्रतीक्षा नसते. भिंतीच्या पृष्ठभागापाशी 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता काही दिवस टिकली की तिचे भागते. म्हणूनच पुष्कळ गृहस्थ भिंतीवर हात फिरवून ‘कोरडी ठाक आहे’ असा निर्वाळा देतात, आणि त्याच भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या पाठीवर काळेहिरवे ठिपके पसरत असतात. कुबट वास येतो म्हणून तेच गृहस्थ भर पावसाळ्यात तळघराची दारे-खिडक्या सताड उघडून हवा खेळवतात, आणि बाहेरची दमट हवा आत घेऊन त्या बुरशीची सोय लावून देतात. हवा खेळती ठेवावी हा उपदेश माडीला लागू आहे. तळघराला तो कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच लागू करावा.

भुईखाली कोरडे राहावे कसे, याचे ज्ञान या प्रांताला नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मराठवाड्यातल्या गावोगावच्या गढ्यांतून आणि पाटलांच्या वाड्यांतून ज्वारी साठविण्याची जी पेवे असत, ती खणताना जागेची निवड फार चोखंदळपणे होई. काळ्या रानात पेव कोणी खणीत नसे, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. पेव असावयाचे ते गावठाणाच्या उंचवट्यावर, पांढरीत किंवा घट्ट मुरुमात. आत शेणमातीचा हात देऊन तळाशी आणि कडेने कडब्याचा किंवा भुसाचा जाड थर भरीत, मगच धान्य ओतीत, आणि तोंडावर दगड बसवून ते मातीने लिंपून टाकीत. या कडब्याच्या थराचे काम दुहेरी होते. जमिनीतली ओल केशाकर्षणाने धान्यापर्यंत चढू नये म्हणून तो मध्ये पोकळी राखी, आणि शिवाय धान्याची ऊब भिंतीच्या गारव्यापासून अलग ठेवी. तोंड लिंपण्यात बाहेरची दमट हवा आत येऊ न देण्याची तजवीज होती. तिच्याचमुळे आतला प्राणवायू संपून किडेही मरत, आणि त्याच कारणास्तव पेव उघडल्याबरोबर कोणाला आत उतरू देत नसत. आजच्या तळघराला जे जे लागते ते ते सर्व या खड्ड्यात आहे: जागेची निवड, ओलीची वाट तोडणारा थर, उष्णतारोधन, आणि हवेचा बंदोबस्त. क्रमही तोच आहे, आणि माझ्या मते सारी मेख त्या क्रमातच आहे.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत हौदाचा तळ हेच ज्याचे छत आहे असे एक प्रशस्त दालन भक्कम खांबांवर उभे आहे; माथ्यावर बारमाही पाणी असताना खाली माणसांनी बसावे, ही कल्पना आजच्या कंत्राटदारास ऐकवली तर तो प्रथम रसायनांची यादी काढील. ते दालन टिकले ते चुन्याच्या जाड, संथपणे मुरलेल्या कामामुळे. चुना पाण्याचा लोंढा अडवितो, पण वाफेला कोंडून ठेवीत नाही. भिंतीत शिरलेली ओल तो सावकाश परत हवेत जाऊ देतो. शिवाय ताज्या चुन्याचा क्षार इतका तीव्र असतो की त्यावर बुरशी सहसा धरत नाही. दरवर्षी दिवाळीपूर्वी घराला सफेती देण्याचा जो प्रघात होता, त्यात शोभेइतकीच ही औषधीही होती. डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंट आल्यावर शोभा राहिली आणि औषध गेले. बीडहून मांजरसुंब्याकडे येताना निजामशाहीतील सलाबतखानाच्या काळची खजाना बावडी लागते. तिच्या भूमिगत मार्गांनी पाणी वाहते ठेवले आहे, हे पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांनी जमिनीखालच्या पाण्याशी कधी झुंज घेतली नाही, त्याला वाट नेमून दिली, असे माझ्या मनात नेहमी येते.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या रुंद भिंतींवरचा व जड माळवदांवरचा मराठवाड्याचा विश्वास एका रात्रीत उडाला. तो उडणे अपरिहार्य होते. त्या भिंतींखाली माणसे गाडली गेली होती. परंतु त्यानंतर जी सिमेंट-काँक्रीटची घरे सर्वत्र उभी राहिली, त्यांच्या पातळ भिंतींना ओल सावकाश शोषून सावकाश परत करण्याचा जुना गुण नव्हता, आणि तो नाही याची जाणीवही बांधणाऱ्यांना नव्हती. मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी, जेथे धुळे–सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारी वाट छेदते आणि रस्त्यालगतच्या जागेला मोल आले आहे, तेथे उतारावरच्या प्लॉटवर पुढे रस्त्याच्या पातळीला दुकान आणि पाठीमागे खाली तळघर, अशी बांधणी आपोआप होते. हे तळघर मुरूम खोदून काढलेले असते. बालाघाटाचा खडक हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला काळा पाषाण. पावसाचे पाणी वरच्या मुरुमातून झिरपून खालच्या घट्ट थराला लागते आणि मग त्या थराच्या पाठीवरून उताराच्या दिशेने आडवे सरकू लागते. त्याच्या मार्गात कोणी तळघर खणले तर पाण्याच्या दृष्टीने ती विहीर असते, आणि विहिरीशी जसे वागावे तसे ते तिच्याशी वागते.

अशाच एका घरी मला बोलावणे आले. यजमान साठीच्या पुढचे, चिरंजीव अमेरिकेत न्यू जर्सीला. चिरंजिवांनी आपल्या तिकडच्या तळघराची छायाचित्रे पाठवून, इथल्या तळघरातही तसाच सरंजाम करावा, भिंतीपुढे लोखंडी चौकटी उभ्या करून त्यांत काचतंतूंचा कापूस भरावा, वर प्लास्टिकचा कागद ताणावा आणि जिप्समचे बोर्ड ठोकून रंग द्यावा, असा बेत कळविला होता. नातवंडे सुटीत आल्यावर त्यांना झोपण्यासाठी एअरकंडिशनरही बसून चुकला होता. यजमान मला म्हणाले, “साहेब, तीनदा लेप मारला भिंतीला, लेपवाल्यानं दहा वर्षांची हमी दिली, तरीबी ओल यायलीच की.” मुद्रांकावर लिहून दिलेली हमी पाण्याने वाचलेली नसते, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती, ते त्यांच्या ध्यानी आले होते.

ओल कोणत्या बाजूने येते हे ठरविल्यावाचून औषध सांगणारा मनुष्य, मग तो पदवीधर अभियंता का असेना, वैदू समजावा. त्यासाठीची परीक्षा अगदी साधी आणि फुकटची आहे. हातभर लांबरुंद जाड पॉलिथिनचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या खोलीकडील अंगावर थेंब जमले तर ओल हवेतून आली आहे. तुकडा उपटल्यावर त्याच्या आतल्या अंगाला पाणी असले, किंवा तेवढीच भिंत काळवंडलेली दिसली, तर ती जमिनीतून येत आहे. त्या तळघरात डोंगराकडच्या भिंतीवर आणि दाराजवळच्या भिंतीवर मी असे तुकडे लावले. डोंगराकडचा तुकडा काढला तेव्हा त्याच्या पाठीमागून पाण्याचा ओघळ फरशीपर्यंत उतरला आणि त्याबरोबर लोणा लागलेल्या गिलाव्याची पांढरी, मिठासारखी भुकटी बोटांना लागली. दाराजवळचा तुकडा आतून कोरडा होता; बाहेरून मात्र, रात्रभर 20 अंशांवर चाललेला एअरकंडिशनर सकाळी बंद करून दार उघडल्यानंतर अर्ध्या घटकेत त्यावर थेंब उभे राहिले. एकाच खोलीत दोन रोग होते, आणि एकावरचे औषध दुसऱ्याला मारक होते. चिरंजिवांच्या योजनेप्रमाणे काम झाले असते तर डोंगराकडची ओल प्लास्टिकच्या मागे कायमची कोंडली गेली असती. खोलीतली दमट हवा फटींतून कापसात शिरून गार भिंतीवर दवरूपाने उतरली असती. आणि जिप्समच्या बोर्डावरचा कागद हे बुरशीचे आवडते खाद्य असल्याने चौकटींच्या मागे, कोणाच्या दृष्टीस न पडता, तिची शेती फोफावली असती. अमेरिकेतही आतून प्लास्टिक ताणण्याची ती पद्धत याच कारणासाठी जाणत्या लोकांनी टाकून दिली आहे. शिवाय तिकडे हिवाळ्यात वाफ आतून बाहेर जाऊ पाहते. आमच्याकडे चार महिने ती बाहेरून आत येते.

मग प्रथम पाण्याची व्यवस्था. छपराचे दोन पाइप थेट पायापाशी पाणी ओतीत होते. ते पुढे नेऊन उतारावर सोडले. डोंगराकडच्या बाजूस तळघराच्या फरशीपेक्षा खोल चर खणून त्यात छिद्रांचा पाइप घातला, भोवती स्वच्छ खडी भरली आणि मुरुमाचा गाळ आत शिरू नये म्हणून ती खडी जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळली. घाटमाथ्याच्या उताराचा हा एक फायदा, की अशा चराचे पाणी पंपावाचून, आपल्या वजनानेच, पलीकडे निघून जाते. बीडच्या सखल वस्तीत हीच सोय विकत घ्यावी लागते. चर खणलेलाच होता, तेव्हा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला शहाबादी फरशीची, पाणी अडविणारी पेटी करून घेतली. नव्या घराला ही पेटी पायापासूनच करावी. जुन्या घराला ती जेथे हात पोहोचेल तेथे करावी.

भिंतीवरचे तीनही लेप आणि सिमेंटचा गिलावा खरवडून काढला. लोणा पाण्याने धुऊ नये, कोरड्या कुंच्याने झाडून बाहेर टाकावा, कारण धुतला की तो क्षार विरघळून परत भिंतीत जातो. त्यानंतर मी यजमानांकडून जी गोष्ट मागितली ती त्यांना सर्वांत जड गेली, आणि ती म्हणजे मुदत. ओल्या भिंतीला वाळण्यास इंचामागे महिना लागतो हा जुन्या गवंड्यांचा ठोकताळा अगदी खरा आहे. लेप लावणाऱ्याला आठवड्यात पैसे हवे असतात आणि यजमानाला आठवड्यात खोली, म्हणून आपल्याकडची बहुतेक तळघरे ओली असतानाच झाकली जातात. आम्ही एक हिवाळा आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवली.

आवरण घातले ते त्यानंतर: 50 मिलिमीटर जाडीचे, दाट प्रतीच्या थर्मोकोलचे तक्ते, चुन्याच्या गिलाव्याने सपाट केलेल्या भिंतीला पोकळी न राखता संपूर्ण अंगाने चिकटवलेले, आणि सांधे बुजविलेले. पोकळी राहिली की हवा तिच्यात शिरते आणि गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. असे तक्ते लावले म्हणजे भिंतीचा खोलीकडील पृष्ठभाग खोलीच्या तापमानाशी जुळून राहतो आणि दमट हवेला गार अंग सापडत नाही. थर्मोकोल मात्र उघडा ठेवू नये. पेट घेतला तर त्याचा धूर घातक असतो, म्हणून त्यावर सिमेंटचे बोर्ड बसविले. फरशी उखडून तिच्याखाली भुगा चाळून काढलेल्या मोठ्या खडीचा वीतभर थर, त्यावर जाड पॉलिथिन आणि मग काँक्रीट केले. पेवाच्या तळाचा कडबा तो हाच. एअरकंडिशनर 26 अंशांच्या खाली न्यावयाचा नाही, आणि पावसाळ्यात दार मिटून हवेतले पाणी काढून घेणारे यंत्र चालवावयाचे, एवढे दोन निर्बंध घातले. साध्या थर्मामीटरऐवजी आर्द्रता दाखविणारे छोटे यंत्र भिंतीवर टांगले. त्याचा काटा 60 च्या आसपास ठेवण्याचा परिपाठ आहे.

फोमच्या आवरणाविरुद्ध एक आक्षेप मला रास्त वाटतो, आणि तो वाळवीचा आहे. आमच्या मुरुमात वाळवी अमाप; थर्मोकोल ती खात नाही, पण त्याच्या आडोशाने बोगदे करीत वरच्या लाकडापर्यंत पोहोचते, आणि उंदीरही त्यात सुखाने घर करतो. यासाठी भिंतीच्या तळाशी चार बोटे उंचीची पट्टी आवरणावाचून उघडी सोडावी. तेवढ्या पट्टीतून थोडी ऊब जाते खरी. परंतु वाळवीच्या मातीची रेघ तेथे दिसते, आणि चराने दगा दिला तर ओलीचा पहिला डागही तेथेच उमटतो. मांजरसुंब्याच्या त्या घरी ही पट्टी चुन्याने पांढरी ठेवली असून ज्येष्ठाच्या अखेरीस आणि पुन्हा आश्विनात ती बॅटरी घेऊन पाहण्याचे काम यजमानांनी स्वतःकडे घेतले आहे.